अणुकचऱ्याच्या सफाईसाठी दीर्घकालीन संशोधनाचा आराखडा करताय? या चुका टाळा

अण्वस्त्रांसाठी प्लुटोनियम काढताना अमेरिकेत जो कचरा उरला, तो बराचसा जागच्या जागीच टाक्यांत भरला गेला, खड्ड्यांत सोडला गेला किंवा पुरला गेला. तो आवरण्यासाठी तिथल्या ऊर्जा विभागाने १९८९ मध्ये स्वतंत्र कार्यालय काढले. १९९६ च्या अर्थसंकल्पात अमेरिकी काँग्रेसने या सफाईला लागणाऱ्या मूलभूत संशोधनासाठी वेगळा निधीही ठेवायला लावला. त्यामुळे आराखडे कुठे फसतात याचा भरपूर पुरावा आज हाताशी आहे. पैसा कमी पडला म्हणून अडलेली कामे त्यात आहेतच, पण जास्त नुकसान योग्य प्रश्न उशिरा विचारल्यामुळे झाले. प्रकल्पाची निविदा निघाल्यावर आलेले उत्तर बरोबर असले तरी फारसे कामाचे नसते.

चूक १: पद्धत आधी ठरवणे, रसायनशास्त्र मागाहून तपासणे

दक्षिण कॅरोलायनातील सव्हाना रिव्हर या अण्वस्त्र-साहित्याच्या केंद्रातल्या टाक्यांतल्या क्षारद्रावणातून किरणोत्सारी सीझियम वेगळे काढायचे होते. त्यासाठी निवडलेली पद्धत कागदावर सुटसुटीत होती. टाकीतच सोडियम टेट्राफिनाइलबोरेट घालायचे, सीझियमचा साका बनवायचा, तो गाळून काचीकरणाला, म्हणजे काचेत वितळवून बंदिस्त करायला, पाठवायचा. किरणोत्सर्गामुळे या संयुगातून थोडे बेंझिन सुटणार, हे गृहीत धरलेले होते. १९९५ च्या सप्टेंबरमध्ये काम सुरू झाले आणि डिसेंबरमध्ये ४८ क्रमांकाच्या टाकीत पंप चालवताच अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त बेंझिन बाहेर पडले. बेंझिन ज्वालाग्राही, त्यामुळे टाकीतल्या हवेत ते साठू देणे शक्यच नव्हते. कचऱ्यात अल्प प्रमाणात असलेले तांबे आणि पॅलेडियम यांसारखे धातू उत्प्रेरकाचे काम करून संयुग फोडत होते. १९९८ मध्ये ही पद्धत थांबवली, तोवर सुमारे ५० कोटी डॉलर खर्च झाले होते.

प्रयोगशाळेत हे आधी का कळत नाही? बहुतेक वेळा नकली कचरा फार स्वच्छ बनवलेला असतो म्हणून. सोडियम, नायट्रेट, नायट्राइट, हायड्रॉक्साइड, ॲल्युमिनेट एवढे घातले की द्रावण खऱ्यासारखे दिसते, पण त्यात पॅलेडियम, ऱ्होडियम, रुथेनियम, तांबे, पारा, सेंद्रिय अवशेष नसतात. चाचणी काही तासांत आटोपते. टाकीत मात्र तेच मिश्रण महिनोन्‌महिने उबदार राहते. म्हणून चाचणीच्या आराखड्यात तीन गोष्टी लेखी हव्यात. नकली द्रावणात सूक्ष्म धातू खऱ्या पातळीवर आणि त्याच्या काही पट जास्त, अशा दोन्ही प्रकारे घालायचे. टाकीत शक्य असलेल्या सर्वाधिक तापमानाला ते आठवडेच्या आठवडे ठेवायचे. आणि मिश्रण स्थिर असताना व ढवळताना सुटणारा वायू वेगवेगळा मोजायचा, कारण द्रवात अडकून राहिलेला वायू ढवळल्यावर एकदम सुटतो. त्यानंतर खऱ्या कचऱ्यावरची चाचणी, आणि तीही बांधकामाच्या मंजुरीआधी.

याच प्रकरणातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. टेट्राफिनाइलबोरेट बाद झाले, तेव्हा ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेत कॅलिक्सरीन वर्गातल्या संयुगांवर काम आधीपासून चालू होते. ही संयुगे क्षारीय द्रावणातल्या अफाट सोडियममधून सीझियम तेवढे उचलतात. या पद्धतीची निवड २००१ मध्ये झाली, आणि तिच्यावर चालणारा मुख्य कारखाना ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाला. निवडीपासून मुख्य कारखान्यापर्यंत १९ वर्षे, आणि मूलभूत संशोधनाचा काळ त्यात धरलेलाच नाही. म्हणून वेळापत्रक उलटे मांडा. कारखाना कोणत्या वर्षी हवा ते आधी लिहा आणि मागे मोजत या. पहिली पद्धत खऱ्या कचऱ्यावर चालून दाखवेपर्यंत पर्यायी पद्धतीचा निधी कापू नका. 'निवड झाली, आता बाकीचे बंद करा' हा शेरा फाइलीवर शहाणपणाचा दिसतो, पण पुढे तोच महागात पडतो.

चूक २: एका नमुन्यावरून आख्खी टाकी ओळखणे

वॉशिंग्टन राज्यातल्या हॅनफर्ड या जुन्या प्लुटोनियम केंद्रात १७७ भूमिगत टाक्या आहेत, त्यांत सुमारे २१ कोटी लिटर कचरा आहे. मोठी टाकी सुमारे २३ मीटर व्यासाची. टाकीच्या माथ्यावरच्या नळीतून नमुन्याचा जो गाभा काढतात तो जेमतेम अडीच सेंटिमीटर जाडीचा, आणि तोही ४८ सेंटिमीटर लांबीच्या तुकड्यांत. क्षेत्रफळाचा हिशेब केला तर एक गाभा म्हणजे टाकीच्या आठ लाखांतला एक भाग. आत वर द्रव, मध्ये क्षारांचा थर, तळाशी गाळ, आणि कुठे काय किती हे टाकी कशी भरत गेली त्यावर अवलंबून. त्यामुळे जुन्या नोंदी, म्हणजे कोणत्या प्रक्रियेचा कचरा कोणत्या वर्षी कुठल्या टाकीत वळवला, हा संशोधनाचा मूळ कच्चा माल समजा. त्या नोंदी वाचायला माणूस नेमा. किमान दोन दूरच्या नळ्यांतून गाभे घ्या आणि प्रत्येकाचा काही भाग राखून ठेवा. आज कोणी न विचारलेला प्रश्न दहा वर्षांनी नक्की विचारला जातो.

हॅनफर्डचीच एसवाय-१०१ ही टाकी उपाय केल्यानंतरही बघत राहा असे सांगते. तिच्यातला घट्ट थर हायड्रोजन धरून ठेवायचा आणि साधारण १०० दिवसांनी एकदम सोडायचा. १९९३ मध्ये ढवळणारा पंप बसवला आणि हे उमाळे थांबले. पण पुढे पृष्ठभागावरची साय वायू धरून फुगू लागली, पातळी चढत गेली. शेवटी १९९९ च्या डिसेंबरपासून काही कचरा दुसरीकडे वळवून, पाणी घालून तो पातळ करावा लागला. उपाय यशस्वी झाला म्हणून त्याचे संशोधन खाते बंद केले असते, तर ही दुसरी अडचण कोणाच्या लक्षात आली असती?

चूक ३: परक्या काचेचे सूत्र जसेच्या तसे उचलणे

हे आपल्या मुंबईतल्या तुर्भ्याच्या (ट्रॉम्बे) अणुकेंद्राला चांगले ठाऊक आहे. तिथल्या जुन्या कचऱ्यात सल्फेट आहे, कारण पुनर्प्रक्रियेत फेरस सल्फामेट वापरले जाई. नेहमीची सोडियम बोरोसिलिकेट काच सल्फेट फारच थोडे, साधारण एक टक्का, सामावून घेते. जास्तीचे सल्फेट वितळलेल्या काचेवर वेगळा थर धरते. तो थर पाण्यात विरघळणारा असतो आणि सीझियमलाही आपल्यात ओढतो, म्हणजे काचीकरणाचा हेतूच बाद. भाभा अणुसंशोधन केंद्राने यासाठी बेरियम बोरोसिलिकेट काच विकसित केली. काचेचे संशोधन आखताना म्हणून सरासरी घटक बघून भागत नाही. सल्फेट, क्रोमियम, फॉस्फेट, हॅलोजन यांची वरची मर्यादा आधी ठरवा.

काचेच्या टिकाऊपणाची प्रचलित चाचणी सात दिवसांची, ९० अंश सेल्सियसला, काचेच्या भुकटीवर होते. ती दोन काचांची तुलना करायला आणि उत्पादनाची प्रत तपासायला ठीक. तिच्यावरून हजारो वर्षांचा विरघळण्याचा वेग काढू नका. काही काचांत विरघळणे मंदावल्यानंतर झिओलाइटसारखी खनिजे तयार होतात आणि वेग पुन्हा वाढतो, हे फक्त वर्षानुवर्षे चालणाऱ्या चाचण्यांतच दिसते. त्यासाठी तीन वर्षांचे अनुदान पुरत नाही.

चूक ४: स्वच्छ पाण्यातला गुणांक जमिनीखाली वापरणे

सीझियम मातीला घट्ट चिकटते, हे पाठ्यपुस्तकातले वाक्य खरे आहे. हॅनफर्डच्या एसएक्स गटातल्या टाक्यांखाली मात्र १९९० च्या दशकात ते अंदाजापेक्षा बरेच खोल सापडले. गळालेला द्रव अतिशय खारट, आणि त्यातल्या सोडियमने मातीच्या कणांवरच्या जागा आधीच अडवलेल्या. सौम्य द्रावणात मोजलेला चिकटण्याचा गुणांक तिथे लागूच नव्हता. मातीच्या चाचण्या गळतीच्याच रसायनात करा, आणि मग टप्प्याटप्प्याने पातळ करत पुन्हा करा, कारण जमिनीत द्रवाचेही तेच होते.

त्याच हॅनफर्डच्या ३०० विभागात भूजलातले युरेनियम आपोआप उतरेल, १९९३ पासून ३ ते १० वर्षे लागतील, असा अंदाज १९९६ च्या निर्णयात होता. तसे झाले नाही. कोलंबिया नदीची पातळी चढली की भूजल वर येते आणि कोरड्या थराच्या तळाशी बसलेले युरेनियम पुन्हा धुऊन आणते. नमुने वर्षातून एकदा ठरावीक महिन्यात घेतले तर हे कळतच नाही. नदीकाठी नमुन्याचे वेळापत्रक नदीच्या पातळीला बांधा.

जागेवरच्या रासायनिक भिंतीतही हाच घोळ. हॅनफर्डच्याच १०० डी विभागात सोडियम डायथिओनाइट सोडून मातीतले लोह क्षपित केले (त्याला इलेक्ट्रॉन दिले), जेणेकरून विषारी क्रोमेट तिथेच बसावे. सुमारे ६८० मीटरच्या या भिंतीने साधारण वीस वर्षे टिकावे अशी अपेक्षा होती. काही विहिरींत क्रोमेट थोड्याच वर्षांत पार झाले. भरड, जास्त झिरपणाऱ्या थरांत लोह कमी आणि पाणी मात्र जास्त वाहते, म्हणून भिंत तिथे आधी खचते. लोहाची सरासरी काढू नका, सर्वांत कमजोर थर शोधा.

चूक ५: उत्तर मिळाल्यावर काय बदलणार, हे न लिहिणे

'दूषित घटकांच्या वहनाचा अभ्यास' या शीर्षकाखाली काहीही मावते. कोलोरॅडोतल्या रॉकी फ्लॅट्स या जुन्या अण्वस्त्र कारखान्यात प्रश्न नेमका होता: जमिनीतले प्लुटोनियम विरघळलेले आहे की कणांच्या रूपात? क्ष-किरण शोषणाच्या मोजमापांनी ते न विरघळणारे ऑक्साइड असल्याचे दाखवले. त्याबरोबर कामाचा भर भूजल उपसण्याऐवजी मातीची धूप रोखण्यावर आला. १९९५ मध्ये ६५ वर्षे आणि ३,६०० कोटी डॉलरहून अधिक खर्चाचा अंदाज असलेले हे काम २००५ मध्ये सुमारे ७०० कोटींत आटोपले. याचे सगळे श्रेय विज्ञानाला देणे बरोबर नाही. कराराची पद्धत बदलली आणि सफाईचे लक्ष्यही आटोपशीर ठरले. तरी प्रत्येक संशोधन प्रस्तावावर एक ओळ सक्तीची करा: उत्तर 'अ' आले तर हे काम, 'ब' आले तर ते. ती लिहिता येत नसेल तर प्रस्ताव परत पाठवा.

चूक ६: कारखाना चालू झाला की रसायनतज्ज्ञांना मोकळे करणे

न्यू मेक्सिकोत मिठाच्या थरात ६५५ मीटर खोल असलेल्या अणुकचऱ्याच्या भांडारात १४ फेब्रुवारी २०१४ रोजी एक पिंप फुटले. लॉस ॲलामॉस प्रयोगशाळेत ते भरताना नायट्रेट क्षारांत द्रव शोषण्यासाठी मातीच्या शोषकाऐवजी गव्हापासून बनवलेला शोषक घातला होता. ऑक्सिडीकारक आणि इंधन एकाच पिंपात. भांडार जवळजवळ तीन वर्षे बंद राहिले. शोषक, आम्ल उदासीन करणारे द्रव्य, पिंपाचे अस्तर यांतले काहीही बदलायचे तर रसायनतज्ज्ञाची लेखी संमती हवी, आणि त्या तज्ज्ञाचा पगार चालू खर्चात धरलेला हवा.

देखरेखीचेही तसेच. १९७३ मध्ये हॅनफर्डच्या टी-१०६ टाकीतून सुमारे सात आठवड्यांत ४.३५ लाख लिटर कचरा जमिनीत गेला. पातळीचे आकडे नियमित घेतले जात होते, पण ते वेळेवर पडताळून पाहिले गेले नाहीत. देखरेखीच्या प्रस्तावात संवेदकांच्या किमतीखाली आणखी चार रकाने ठेवा: आकडा कोण वाचणार, किती तासांत, कोणत्या फरकाला कळवणार आणि कोणाला.