बहुभाषिक वेब ॲपसाठी यूआरएल राउटिंग कसं लावाल?

मालाडमधल्या एखाद्या हाउसिंग सोसायटीचं ॲप धरून चला. घराघरांत मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी. सेक्रेटरींनी पाणीकपातीच्या मराठी सूचनेची लिंक व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली आणि दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी ती उघडली, तर समोर इंग्रजी पान! कारण भाषेची निवड फक्त कुकीत साठवलेली आणि ती कुकी सेक्रेटरींच्या फोनमध्येच राहिलेली. ज्या भाषेतलं पान पाठवलं त्याच भाषेत ते उघडायला हवं, आणि त्यासाठी भाषा पत्त्यातच (यूआरएलमध्येच) हवी. कुठल्या पत्त्यावर कुठलं पान दाखवायचं हे ठरवणं म्हणजेच राउटिंग.

1. रचना ठरवा. वेगळं डोमेन, सबडोमेन किंवा पाथच्या सुरुवातीला भाषेचा कोड, असे तीन मार्ग आहेत. छोट्या-मध्यम ॲपला तिसरा घ्या: /एमआर/सूचना/17, /जीयू/सूचना/17. (प्रत्यक्षात हे कोड रोमन लिपीत, लहान अक्षरांत लिहायचे.) डोमेन एकच, सर्टिफिकेट एकच. प्रश्नचिन्हानंतर भाषा जोडण्याचा प्रकार टाळा; गूगलही तो सुचवत नाही.

कोड आयएसओ 639 या भाषा-कोडांच्या आंतरराष्ट्रीय मानकातलेच वापरा. मात्र राउटरमध्ये ‘कुठलीही दोन अक्षरं’ असा पॅटर्न लिहू नका. कोकणीला दोन अक्षरी कोडच नाही, तिचा कोड तीन अक्षरी आहे. चालणाऱ्या भाषांची यादीच द्या आणि यादीबाहेरच्या कोडला सरळ 404 (‘पान सापडलं नाही’) द्या.

2. राउटर लावा. जँगो या पायथन फ्रेमवर्कमध्ये यासाठी ‘आय18एन पॅटर्न्स’ हे फंक्शन आहे. (मिडलवेअर म्हणजे प्रत्येक विनंती पानापर्यंत पोचण्याआधी ज्यातून जाते तो कोड.) सोबतचं लोकेल मिडलवेअर सेशन मिडलवेअरच्या खाली आणि कॉमन मिडलवेअरच्या वर ठेवा. लाराव्हेल किंवा एक्सप्रेस या फ्रेमवर्कमध्ये सगळे राउट भाषेच्या प्रीफिक्सखाली एका गटात घ्या. एपीआय, स्टॅटिक फाइल्स आणि पेमेंटचे वेबहुक (पेमेंट कंपनीचा सर्व्हर ज्यावर निरोप पाठवतो ते पत्ते) या गटाबाहेरच राहू द्या.

3. मुख्य पत्त्याचं काय? नुसता डोमेन टाकून कोणी आलं, तर आधी त्याने स्वतः निवडलेली भाषा कुकीत पाहा, मग ब्राउझरचा, पसंतीच्या भाषा सांगणारा ‘ॲक्सेप्ट-लँग्वेज’ हेडर, आणि काहीच जुळलं नाही तर मराठी. रीडायरेक्ट 302 (तात्पुरता) द्या. 301 (कायमचा) ब्राउझर लक्षात ठेवतो आणि नंतर भाषा बदलली तरी जुन्याच पानावर नेतो. आयपीवरून भाषा ओळखायला जाऊ नका. आयपी मुंबईचा आहे एवढ्यावरून घरात कुठली भाषा बोलतात हे कळत नाही. आणि पत्त्यात कोड आधीच असेल, तर कुकी काहीही सांगो, वाचणाऱ्याला दुसरीकडे वळवू नका.

4. देवनागरी स्लग, म्हणजे पत्त्याच्या शेवटी येणारं पानाचं नाव. इथे थोडं थांबा, कारण मराठीत खरी अडचण इथेच येते. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं आणि पत्ता कॉपी केल्यावर बऱ्याचदा प्रत्येक बाइटची तीन अक्षरं (% आणि पुढे दोन) होतात. ‘मुंबई’मध्ये पाच चिन्हं, म्हणजे 45 अक्षरं! त्याहून त्रासदायक म्हणजे ‘कचऱ्याची गाडी’. यातला ‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी टाइप होतो: नुक्तावाला ऱ घेऊन, किंवा साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक घेऊन. डोळ्यांना दोन्ही सारखेच, डेटाबेसला मात्र वेगळे. एनएफसी नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी युनिकोड रूपं एकसारखी करणं) करायलाच हवं, पण ते या दोघांना एक करत नाही.

म्हणून पान शोधायचं ते क्रमांकावरून: /एमआर/सूचना/17/कचऱ्याची-गाडी. स्लग फक्त वाचणाऱ्यासाठी. तो जुळला नाही तर 301 ने योग्य पत्त्यावर न्या.

5. पानांची ओळख. एचटीएमएलच्या ‘लँग’मध्ये योग्य कोड, प्रत्येक पानावर सगळ्या भाषांचे ‘एचरेफलँग’, म्हणजे हेच पान दुसऱ्या भाषांत कुठे आहे हे शोधयंत्राला सांगणारे टॅग (स्वतःचाही धरून), आणि कॅनॉनिकल (मूळ पत्ता कुठला हे सांगणारा टॅग) त्याच भाषेच्या पानाकडे. भाषा बदलायची बटणं साध्या लिंकच असू द्यात, भाषेचं नाव तिच्याच लिपीत लिहा, आणि 17 व्या सूचनेवरून गेलेला माणूस 17 व्याच सूचनेवर पोचू द्या, होमपेजवर नको. अनुवाद तयार नसेल तर तिथे तसं स्पष्ट लिहा. गुजराती पत्त्यावर इंग्रजी मजकूर टाकून वेळ मारून नेऊ नका.

आता तपासा. ब्राउझरची भाषा गुजराती करा, खासगी विंडो उघडा आणि मराठी सूचनेची लिंक टाका. पान मराठीतच उघडलं पाहिजे. तीच लिंक व्हॉट्सॲपवरून दुसऱ्या फोनवर पाठवून पुन्हा उघडा, आणि शेवटी स्लगमधला ‘ऱ्या’ दोन्ही तऱ्हांनी टाइप करून पाहा.