घरच्यांना घेऊन सावजी खायला जायचं तर

आमच्या लहानपणी नागपूरच्या झणझणीत रश्श्याचं सावजी भोजनालय म्हणजे पुरुषांची जागा. आम्हा बायकांच्या वाट्याला यायचा तो घरी बांधून आणलेला रस्सा. आता नागपूरभर ‘फॅमिली सावजी’च्या पाट्या लागल्या आहेत, एसी आहे, आजीसुद्धा सोबत येते. मला याचा मनापासून आनंद आहे. पण पाटी पाहून आत शिरू नका.

आधी मेनू पाहा. पनीर बटर मसाला नि नूडल्सचीच पानंच्या पानं असतील तर उठा. मटण, खूर (बकऱ्याचे पाय), खिमा, डाळकांदा, पाटोडी रस्सा, असं जेमतेम एक पान असेल तर निवांत बसा. गोळीबार चौकाकडची जुनी भोजनालयं साधी दिसतात, पण मी पाहुण्यांना आधी तिकडेच नेते.

रस्सा आला की लगेच पोळी बुडवू नका. चमचा तळापर्यंत घालून ढवळा, कारण तर्री वर तरंगते नि मसाला खाली बसतो. मग वास घ्या. भाजलेले धने, खसखस, दगडफूल आधी नाकाला कळले पाहिजेत, तिखट त्यांच्या मागून यावं. नुसतीच जीभ पोळली नि वास काहीच नाही, म्हणजे तिखटपूड ओतून काम भागवलंय. सावजी हे हलबा कोष्टी समाजाच्या घरचं, हातमागावर राबणाऱ्यांचं जेवण आहे. मूळचं जवसाच्या तेलातलं. आजही जवसाचं तेल वापरता का, हे बेधडक विचारा.

लेकरं, म्हातारी माणसं सोबत असतील तर ‘तिखट कमी करा’ म्हणून उपयोग नाही. रस्सा आधीच शिजलेला असतो, फार तर पाणी घालून देतील. त्यापेक्षा ‘भाऊ, तर्री वेगळ्या वाटीत द्या’ म्हणा. सोबत दही मागवा. तिखटावर पाण्यापेक्षा तेच कामी येतं.

रविवारी लवकर पोचा, खूर आधी संपतो.

एसी आला तसं बिलही बदललं, ते नीट वाचा. २०२२च्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सर्व्हिस चार्ज आपोआप लावता येत नाही. लावला असेल तर काढायला सांगा. ऐकलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. आणि बिलावर ‘कंपोझिशन’ करदाता (म्हणजे छोट्या व्यावसायिकांसाठीच्या सोप्या जीएसटी योजनेतला) असं लिहिलं असेल, तर जीएसटी वेगळा आकारता येत नाही.