गॅस गीझर पेटत नाहीये? मेकॅनिकला फोन करायच्या आधी हे बघा

गीझर कधी बंद पडतो? नरक चतुर्दशीला पहाटे साडेचारला, उटणं लावून झाल्यावर. आमच्याकडे दोनदा झालंय. तेव्हा कुठलाच मेकॅनिक फोन उचलत नाही, आणि दुपारी जो येतो तो कव्हरही न काढता सांगतो की किट (ठिणगी पाडणारा सर्किटचा डबा) गेलं, नवीन घ्या. गेल्या काही वर्षांत आमचा, सासऱ्यांचा आणि सोसायटीतल्या निम्म्या लोकांचा गीझर मी उघडलाय. किट गेलेलं क्वचितच निघालं, बहुतेक वेळा भानगड पाण्याच्या बाजूला असते आणि लोक गॅसच्या मागे लागतात.

एक अट आहे. गीझर बाथरूमच्या आत लावलेला असेल तर पुढचं वाचू नका, आधी तो बाहेर ड्राय बाल्कनीत किंवा उघड्या डक्टमध्ये हलवून घ्या. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, डोकं जड होतं आणि माणूस दार उघडायच्या आत पडतो. "एक्झॉस्ट फॅन आहे ना" हे मला सांगू नका.

आता पहिलं काम, रेग्युलेटर बंद करा आणि गरम पाण्याचा नळ पूर्ण सोडून नुसते कान द्या. ठिणगीचा टकटकटक आवाज येतो का? या एका प्रश्नावर निम्मं निदान होतं.

आवाज येतोय, म्हणजे पाणी, सेल, स्विच सगळं ठीक आहे आणि प्रश्न गॅसचा आहे. सिलिंडर संपलाय का बघा (हसू नका, मी स्वतः अर्धा तास घालवलाय), नुकताच बदलला असेल तर पाइपात हवा असते, दोन-चार वेळा नळ बंद-चालू करा. उन्हाळाभर गीझर बंद ठेवून जूनमध्ये चालू केला असेल तर बर्नरच्या तोंडाशी कोळ्याचं जाळं हमखास असतं, गॅस बंद असताना मऊ ब्रशने साफ करा. आणि सिलिंडरवरून पाइप गॅसवर आला असाल तर जुन्या नोझलवर तो गीझर नीट चालणारच नाही, दोन्ही गॅसचं प्रेशर वेगळं आणि नोझलची भोकं वेगळी, ते काम कंपनीच्याच माणसाकडून करून घ्या.

आवाज नाही? मग सेल. दोन मोठे टॉर्चचे सेल, मिळून ३ व्होल्ट. मल्टीमीटर लावून "१.४ दाखवतोय की" म्हणू नका, जुना सेल नुसता मोजला की छान दाखवतो आणि लोड आला की बसतो. सरळ नवीन अल्कलाइन घाला, पावसाळ्यात डब्यातल्या पत्र्यांवर हिरवट गंज चढतो तो पॉलिश पेपरने घासा.

तरी आवाज नाही, तर गीझरमध्ये पाणी शिरतं तिथली जाळी काढून धुवा. टँकरचं पाणी येत असेल तर तिच्यात वाळू सापडेल. नळाला पेटतो पण शॉवरला पेटत नाही, असं असेल तर शॉवरच्या भोकांत क्षार बसलेत, व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवा. आणि नळाच्या मिक्सरमध्ये थंड पाणी भरपूर सोडलं की गीझरमधून जाणारं पाणी कमी होतं आणि तो विझतो. पाणी फार गरम वाटलं तर गीझरचं गॅसचं बटण कमी करा, थंड पाणी वाढवू नका.

वरच्या मजल्यावर राहत असाल तर अजून एक. टाकी गच्चीवर, तुम्ही बरोबर तिच्याखाली. १० मीटर उंचीला साधारण १ बार प्रेशर मिळतं, म्हणजे टाकी गीझरच्या २ मीटर वर असेल तर तुम्हाला ०.२ बार, तेही पाइपात काही गेलं नाही तर. गीझरच्या पाटीवर कमीत कमी प्रेशर छापलेलं असतं ते बघा. तळमजल्यावरच्या काकांचा तोच गीझर झकास चालतो आणि तुमचा नाही, याचं कारण एवढंच असतं. इथे एक तर कमी प्रेशरवर चालणारा गीझर घ्यायचा नाही तर छोटा पंप बसवायचा.

हे सगळं ठीक असेल तर मग डायफ्राम, म्हणजे वॉटर व्हॉल्व्हमधला रबरी पडदा. इथे मी सपशेल आपटलो होतो म्हणून सविस्तर सांगतो.

पाणी वाहायला लागलं की पडद्याच्या दोन बाजूंना प्रेशरचा फरक पडतो, पडदा फुगतो, त्याला चिकटलेली चकती एक दांडा ढकलते, दांड्याने गॅसची वाट उघडते आणि मायक्रोस्विच, म्हणजे ठिणगीचं छोटं बटण, हलून ठिणगी सुरू होते. पडदा कडक झाला, फाटला किंवा सैल पडला की दांडा हलतच नाही. खात्री करायची असेल तर कव्हर काढा आणि गॅस बंद असताना मायक्रोस्विचची पात बोटाने हलवून बघा. टकटक आली म्हणजे स्विच आणि सेल शाबूत, पडदाच गेलाय. नाही आली तर बहुधा स्विच, तो पुण्यातल्या तपकीर गल्लीत मिळतो.

आता उघडायचं. गॅस बंद, पाण्याचा अँगल कॉक बंद, गरम नळ सोडून आतलं पाणी काढा, आणि मोबाईलवर फोटो काढा, चारही बाजूंनी. मी काढला नव्हता. व्हॉल्व्हच्या पाण्याच्या भागाचे स्क्रू काढले की त्याचे दोन अर्धे सुटतात, मध्ये पडदा. फक्त पाण्याचा भाग उघडायचा. गॅसच्या भागाचे स्क्रू, विशेषतः ज्यांवर रंगाचा ठिपका आहे ते, अजिबात नाही. तुमच्या मॉडेलमध्ये गॅसचा भाग उघडल्याशिवाय पडदा निघत नसेल तर कव्हर लावा आणि माणूस बोलवा.

जुना पडदा खिशात घालून बोहरी आळीत जा, नवीन त्याच्यावर ठेवून व्यास आणि भोकं जुळतात का बघा. "सर इसमें सब चलता है" म्हणणाऱ्याकडून घेऊ नका.

माझी चूक पुढे झाली. पडद्याला कडेला एक बारीक भोक असतं, ते बॉडीतल्या भोकासमोरच यायला हवं, कारण प्रेशर पलीकडे त्याच वाटेने जातं. मी पडदा थोडा फिरवून बसवला, भोक बुजलं, गीझर मेल्यासारखा गप्प. मला वाटलं पडदाच डिफेक्टिव्ह, दुसरा आणला, तोही तसाच बसवला. तीन दिवस घरात पातेल्यात पाणी तापत होतं आणि आई रोज सकाळी आजोळच्या तांब्याच्या बंबाची आठवण काढत होती. चौथ्या दिवशी जुन्या पडद्यावर भोकाभोवती उमटलेला गोल ठसा दिसला तेव्हा कळलं. बॉडीतलं ते बारीक भोकही क्षारांनी बुजतं, पातळ तारेने मोकळं करा, मोठं करू नका.

दांड्याच्या ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस लावा, गोडेतेल नाही, ते चिकट होऊन दांडा अडकतो. स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळा, एकच आधी गच्च केलात तर पडदा दुमडतो आणि पाणी ठिबकतं.

जोडल्यावर आधी नुसतं पाणी सोडा, टकटक ऐका. मगच गॅस, आणि हात लावलेल्या जोडांवर साबणाचं पाणी.

पेटतो आणि काही सेकंदांत विझतो? ज्योतीतली सेन्सरची काडी काजळलीय, पॉलिश पेपरने पुसा, वाकली असेल तर ज्योतीत आणा. बरोबर २० मिनिटांनी विझतो? बऱ्याच मॉडेलमध्ये तो टायमर असतो, बिघाड नाही, नळ बंद करून परत सोडा. ज्योत निळीच हवी. पिवळी, काजळी धरणारी ज्योत म्हणजे हवा कमी पडतेय आणि विषारी गॅस तयार होतोय, तो गीझर साफ होईपर्यंत बंद.

कोणी सांगेल मायक्रोस्विच डायरेक्ट करून टाका, सेन्सर काढून टाका, आमच्याकडे चालतं. त्याला चहा पाजा आणि घालवा.

शेवटची तपासणी: नळ बंद केला की ज्योत त्याच क्षणी गेली पाहिजे. दोन सेकंदही रेंगाळली तर दांडा अडकतोय, आत थांबलेलं पाणी तापतंय, तेव्हा परत उघडा. आणि गॅसचा वास आलाच तर सिलिंडर बंद, खिडक्या उघड्या, दिव्याचं बटण चालू-बंद काहीच नाही, घराबाहेर येऊन १९०६ या एलपीजी गळतीच्या हेल्पलाइनला फोन.