पॉटिंग शेड घेताय? आधी टेबल ठरवा, मग शेड

बागेसाठी शेड घ्यायची म्हटलं की सगळे आधी ती बाहेरून कशी दिसते तेच बघतात. मीपण तेच केलं आणि मग दोन वर्षं अंधारात, वाकून वाकून कुंड्या भरल्या, म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय. पॉटिंग शेड म्हणजे अडगळीची खोली नाही हो. तिथे तुम्ही तास तास उभं राहून माती कालवणार, बिया पेरणार, लहान कुंडीतली रोपं मोठ्या कुंडीत हलवणार. फावडं, खुरपी कुठल्याही कोपऱ्यात राहतात, पाठीचं तसं नसतं.

म्हणून सुरुवात टेबलापासून करा. सरळ उभं राहून कोपर वाकवा आणि कोपराच्या साधारण 10 ते 15 सेंमी खाली टेबलाचा वरचा भाग येईल असं बघा, बऱ्याच जणांना 90 सेंमीच्या आसपास उंची बरी पडते पण तुमची उंची वेगळी असेल तर आकड्यावर जाऊ नका, कोपरावर जा. टेबलाची पुढून मागेपर्यंतची रुंदी 50 ते 60 सेंमी पुरे, त्याहून जास्त असेल तर मागचं सामान काढायला ताणावं लागतं. लांबी निदान 120 सेंमी तरी हवी, कारण एका बाजूला मातीचा ढीग, एका बाजूला रोपांचा ट्रे आणि मधे कुंडी असं सगळं एकाच वेळी मावलं पाहिजे. आणि मागे आणि दोन्ही बाजूंना उभा काठ असला तर माती खाली सांडत नाही, ही छोटी गोष्ट पण रोजचा झाडू वाचतो.

आता हिशोब सोपा आहे. टेबल 60 सेंमी, मागे उभं राहून वळायला 75 ते 90 सेंमी, समोरच्या भिंतीला 30 सेंमीची मांडणी, म्हणजे झाली जवळपास 6 फूट रुंदी. एका माणसासाठी 6 बाय 8 फूट छान पुरते. 6 बाय 4 मधे पण काम होतं, फक्त मातीच्या गोण्या बाहेर ठेवायची तयारी पाहिजे. विचारताना आतलं माप विचारा, कारण सांगितलेलं माप बऱ्याचदा बाहेरचं असतं.

छपराचं कोणी बोलत नाही म्हणून सांगते. एकाच बाजूला उतार असलेली शेड असेल तर टेबल उंच बाजूला, खिडकीखाली लावा. दोन्हीकडे उतार असेल तर उंची मिळते मधे, जिथे तुम्ही नुसते चालता, आणि टेबल जातं कडेला जिथे डोकं आपटायची भीती, तेव्हा बाजूच्या भिंतीची उंची नीट मोजा.

उजेड भरपूर हवा पण सगळीकडे काच नको. पूर्ण काचेची शेड उन्हात भट्टीसारखी तापते आणि बियांना हवी असते थंड, कोरडी, अंधारी जागा. टेबलावर मोठी खिडकी आणि बाकी भिंती बंद, हे मला सगळ्यात पटलं. खिडकीला शक्यतो टफन्ड म्हणजे सहज न फुटणारी काच घ्या, अ‍ॅक्रिलिकच्या पारदर्शक प्लास्टिकवर धूळ पुसून पुसून ओरखडे येतात.

हवा खेळती असणं तर अजिबात सोडू नका. पॉटिंग मिक्समधे, म्हणजे कुंडीत भरायच्या तयार मातीत, लिजिओनेला लाँगबीची नावाचा बॅक्टेरिया असू शकतो, त्याची धूळ श्वासातून आत गेली तर न्यूमोनियासारखा गंभीर आजार होऊ शकतो. म्हणून उघडणारी खिडकी आणि समोरच्या भिंतीत वर एक झडप, दोन्ही हवेत. शिवाय मिक्स थोडं ओलं करून मगच कालवा, मास्क लावा, नंतर हात धुवा.

मटेरियलमधे माझं मत लाकडालाच. कुठेही खिळा ठोका, फळी लावा, अवजारं टांगा. एकमेकींच्या खाचेत बसणाऱ्या फळ्या घ्या, नुसत्या एकावर एक चढवलेल्या फळ्या स्वस्त असतात पण त्यातून पाणी आणि वारा लवकर शिरतो. लाकूड ट्रीट केलेलं आहे का ते विचारा, नाहीतर वाळवी आणि ओल आहेच. पत्र्याची शेड टिकते पण उन्हात तापते आणि थंडीत आतून घाम फुटल्यासारखी ठिबकते, बियांची पाकिटं खराब होतात. प्लास्टिकची सांभाळायला सोपी, पण भिंतीला जड फळी लावता येत नाही.

पाया सपाट हवाच, काँक्रीट किंवा फरशा, कारण आत पाणी सांडणारच. लाकडी जमीन असेल तर खाली हवा जाईल इतकी उचललेली असू दे. दार 80 सेंमीहून रुंद, बाहेर उघडणारं आणि उंबरठा नसलेलं, म्हणजे ढकलगाडी थेट आत.

छपराला पन्हळ लावून खाली पिंप ठेवा. 1 चौरस मीटर छपरावर 1 मिमी पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी, 6 बाय 8 चं छप्पर साधारण साडेचार चौरस मीटर, म्हणजे 10 मिमी पावसात जवळपास 45 लिटर, 10 लिटरच्या चार झाऱ्या आरामात!

जागा नळाजवळची बघा, मोठ्या झाडाखाली नको, आणि चारी बाजूंनी 50 सेंमी तरी मोकळं सोडा नाहीतर मागची भिंत रंगवणार कशी? बांधकामाचे स्थानिक नियम पण आधीच विचारून घ्या.

आणि ऑर्डर देण्याआधी एक कराच. जमिनीवर खुंट्या ठोकून दोरीनं शेडचं आतलं माप आखा, आत एक टेबल ठेवा आणि खरोखरची दोन-चार रोपं कुंडीत लावून बघा, वाका, वळा, गोणी उचला, ढकलगाडी आत घेऊन बाहेर काढा. कोपर दोरीबाहेर जात असेल तर एक साइज मोठी घ्या.