कंपनीचे संचालक झालात? तुमचा नंबर आणि घरचा पत्ता इंटरनेटवरून असा हटवा

अमळनेर तालुक्यातली एक शेतकरी उत्पादक कंपनी नोंदली गेली आणि थोड्याच दिवसांत तिच्या संचालकांचे फोन वाजायला लागले. कोणी विनातारण कर्ज देतो म्हणे, कोणी ट्रेडमार्क काढून देतो म्हणे, आणि एक जण तर ‘तुमचा डिन बंद पडलाय, आत्ताच्या आत्ता पैसे भरा’ असा दम देत होता. (डिन म्हणजे संचालकाचा सरकारी ओळख क्रमांक.) त्या संचालकांमधले एक नाना माझ्याकडे आले. म्हणाले, “भाऊ, मना नंबर त्यास्ले कोठेन भेटना?”

नंबर मीच दिला होता. नोंदणीची कागदपत्रं मी भरली होती आणि त्यात नानांचा तोच नंबर लिहिला होता, जो त्यांच्या बँक खात्याला जोडलेला होता. तेव्हापासून जळगाव-धुळ्याकडच्या बऱ्याच कंपन्यांसाठी हे निस्तरायचं काम मी केलंय. त्यातून जमलेली रीत इथे देतोय.

आधी हे समजून घ्या की सगळं पुसलं जाणार नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम ३९९ प्रमाणे निबंधकाकडची, म्हणजे कंपन्यांची नोंदणी ठेवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडची, कंपनीची कागदपत्रं कोणीही शुल्क भरून पाहू शकतो. हे शुल्क एका कंपनीसाठी १०० रुपये आहे. उधारीवर माल देणाऱ्या व्यापाऱ्याला किंवा कर्ज देणाऱ्या बँकेला समोर कोण आहे ते कळलंच पाहिजे, म्हणून ही सोय आहे आणि ती योग्यच आहे. त्यामुळे कंपनीचं नाव, नोंदणीकृत पत्ता, संचालकांची नावं उघड राहणार. घरचा पत्ता, मोबाईल, खासगी ई-मेल आणि जन्मतारीख मात्र गूगलवर पहिल्याच पानावर दिसायचं काही कारण नाही. आपला झगडा एवढ्याच चार गोष्टींसाठी आहे.

पहिलं काम शोधण्याचं. गूगलवर नाव, कंपनीचं नाव आणि मोबाईल नंबर वेगवेगळे टाकून शोधा. नंबर सलग टाका, मग मधे जागा सोडून टाका, मग पुढे +९१ लावून टाका. जे पान सापडेल त्याचा पत्ता वहीत लिहा आणि तारखेसह स्क्रीनशॉट ठेवा.

दुसरं काम मुळाशी दुरुस्ती करण्याचं. बहुतेक जण हे सोडून कंपन्यांची माहिती छापणाऱ्या खासगी संकेतस्थळांना थेट मेल पाठवत बसतात. ही संकेतस्थळं सरकारी नोंदीतून माहिती उचलतात. नोंदीत तोच नंबर, तोच पत्ता राहिला तर पुढचं विवरणपत्र भरल्यावर तो परत वर येणार.

कंपनीसाठी वेगळा ई-मेल आणि वेगळं सिमकार्ड घ्या आणि सरकारी नोंदीत तेच द्या. सिम संचालकाच्याच नावावर आणि त्याच्याच हातात असू द्या. काही सल्लागार संचालकाच्या केवायसीत स्वतःचाच नंबर टाकून देतात. तसं होऊ देऊ नका. ओटीपी परक्याच्या फोनवर जातो आणि आपल्या नावाने काय भरलं गेलं ते आपल्याला कळतही नाही.

नवा संचालक घेताना डीआयआर-२ हे संमतीपत्र नीट पाहून भरा. एका पानाच्या त्या कागदावर वडिलांचं नाव, पत्ता, ई-मेल, मोबाईल, पॅन, जन्मतारीख असं सगळं असतं आणि तो डीआयआर-१२ ला, म्हणजे संचालक बदलल्याचं निबंधकाला कळवणाऱ्या अर्जाला, जोडून जातो. माहिती बाहेर जाते ती बऱ्याचदा अशा जोडपत्रांतून. एकदा दाखल झालेलं जोडपत्र परत मागता येत नाही, म्हणून नवा नंबर आणि नवा ई-मेल तिथे आधीच हवा. आधारची प्रत द्यावी लागली तर मास्क केलेली द्या. तिच्यावर शेवटचे ४ अंकच दिसतात.

नोंदणीकृत कार्यालय अध्यक्षांच्या घरीच असेल, आणि गावाकडे बहुधा तसंच असतं, तर ते गोदामात किंवा माल गोळा करायच्या केंद्रात हलवा. त्याच गावाच्या हद्दीत हलवायचं असेल तर संचालक मंडळाचा ठराव पुरतो, हद्दीबाहेर न्यायचं असेल तर सभासदांचा विशेष ठराव लागतो. दोन्ही वेळा आयएनसी-२२ हा अर्ज ३० दिवसांच्या आत भरायचा. जागेचा करार, मालकाचं ना-हरकत पत्र आणि २ महिन्यांपेक्षा जुनं नसलेलं वीजबिल सोबत जोडायचं. ‘पुण्यातला एखादा व्हर्च्युअल पत्ता भाड्याने घ्या’ असं कोणी सुचवलं तर ऐकू नका. कलम १२ प्रमाणे निबंधक त्या जागेची प्रत्यक्ष तपासणी करू शकतो. तिथे कंपनीचं काहीच सापडलं नाही तर कंपनीचं नाव नोंदीतून काढण्यापर्यंत वेळ येते.

आता संकेतस्थळांना लिहायचं. मी सगळ्यात जास्त इथे ठेचकाळलो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

नानांसाठी मी पहिला मेल लिहिला तेव्हा ‘हे संपूर्ण पान काढून टाका’ अशी मागणी केली. उत्तर आलं की ओळख पटवायला आधार आणि पॅन पाठवा. मी दोन्हींच्या स्वच्छ प्रती पाठवल्या. पुढे काही दिवसांनी दोन ओळींचा नकार आला की ही माहिती सार्वजनिक नोंदीतली आहे, काढता येणार नाही. पान जागेवरच राहिलं, आणि ज्यांना मी ओळखतही नाही त्यांच्याकडे नानांचं आधार आणि पॅन गेलं. मी नानांच्या घरी जाऊन हे त्यांना सांगितलं. आजही ते आठवलं की जिवाला लागतं. म्हणून एक गोष्ट ठासून सांगतो: माहिती काढायची म्हणून कुणालाही ओळखपत्र पाठवू नका. कंपनीच्या नोंदणीकृत ई-मेलवरून लिहा. त्या पानावर जो ई-मेल छापलाय त्यावरूनच पत्र आलं तर तेवढी ओळख पुरते. त्यावरही कोणी ओळखपत्रासाठी अडून बसलं तर तो नाद सोडा आणि पुढच्या पायरीवर जा. आणि माहिती काढण्यासाठी कोणी पैसे मागितले तर एक रुपयाही देऊ नका.

मागणी अरुंद ठेवा. संपूर्ण पान काढायला सांगितलं की नकार देणं सोपं जातं. ‘या पानावरचा हा मोबाईल, हा ई-मेल आणि हा घरचा पत्ता एवढंच काढा, कंपनीचं नाव आणि संचालकाचं नाव राहू द्या’ असं लिहिल्यापासून मला होकार जास्त मिळाले. पत्र चार-पाच ओळींचं, इंग्रजीत लिहा. पानाचा पत्ता द्या, काय काढायचं ते शब्दशः लिहा, या माहितीमुळे फसवणुकीचे फोन येतात हे सांगा आणि स्क्रीनशॉट जोडा. पत्र संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवा. त्याचं नाव बहुधा पानाच्या अगदी तळाशी बारीक अक्षरात असतं.

कायद्याचा धाक दाखवणारी लांबलचक नोटीस कुठून तरी उतरवून पाठवू नका. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि माहिती पुसून घेण्याच्या हक्कासह त्याच्या मुख्य तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. शिवाय त्याच कायद्याच्या कलम ३ मध्ये पळवाट आहे. एखाद्या कायद्याने बंधनकारक म्हणून जी माहिती जाहीर केली गेली, तिला हा कायदा लागू होत नाही. संकेतस्थळवाल्यांना हे कलम तोंडपाठ असतं. माझं मत असं की कागद निबंधकाकडे शुल्क भरून पाहता येणं ही एक गोष्ट, आणि शेतकऱ्याचा मोबाईल जाहिरातींच्या मधोमध फुकट टांगणं ही दुसरी. पण या मुद्द्यावर मेलवर वाद घालून माझा एकही नंबर निघालेला नाही. साध्या, नेमक्या विनंतीने निघाले. १५ दिवसांत उत्तर नाही आलं तर तेच पत्र, पहिल्याची तारीख घालून, पुन्हा पाठवा.

नंतर गूगल. गूगलकडे वैयक्तिक माहिती शोधनिकालांतून काढण्याचा अर्ज आहे आणि तो फुकट आहे. फोन नंबर, पत्ता, ई-मेल यांच्यासाठी तो चालतो. यातून मूळ पान जात नाही, फक्त शोधात दिसायचं थांबतं. सरकारी पानांबाबत बहुधा नकार येतो. संकेतस्थळाने नंबर काढला तरी गूगलवर जुनाच मजकूर दिसत असेल तर ‘कालबाह्य मजकूर’ काढण्याची वेगळी सोय आहे, ती वापरा.

येणाऱ्या फोनांसाठी १९०९ वर ‘स्टार्ट ०’ असा एसएमएस, इंग्रजी अक्षरांत, पाठवून डीएनडी, म्हणजे जाहिरातींचे फोन अडवायची सोय, चालू करा. केवायसीच्या नावाने धमकावणाऱ्याची तक्रार संचार साथी संकेतस्थळावर ‘चक्षू’मध्ये नोंदवा. पैसे गेलेच असतील तर एक मिनिट न दवडता १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा.

वार्षिक विवरणपत्र दाखल झाल्यावर महिनाभराने वहीतली सगळी पानं पुन्हा उघडून पाहा. नवी संकेतस्थळं येत राहतात, जुनी माहिती ताजी करत राहतात. नानांचा बँकेचा नंबर शोधात दिसायचा थांबायला सात महिने लागले. कंपनीच्या सिमवर फोन अजून येतात, पण तो फोन आता नानांच्या गोदामातल्या टेबलावर असतो आणि त्या नंबरला कुठलंच बँक खातं जोडलेलं नाही.