शाळेचा ईमेल आणि व्हॉट्सअॅप ग्रुप सांभाळताना: जे करून बघितलं ते

आमचे मुख्याध्यापक सर 31 मेला रिटायर झाले, आणि जूनच्या मध्यावर शाळा उघडली तेव्हा कळलं की शाळेचा सगळा सरकारी मेल त्यांच्या खाजगी जीमेलवर येतोय. यू-डायसचा, म्हणजे शाळांची माहिती भरायच्या सरकारी पोर्टलचा, ओटीपी त्यांच्या मोबाईलवर, शिष्यवृत्तीचा पासवर्ड त्यांच्या डायरीत, आणि सर गावाकडे शेतावर जिथे रेंज मिळायला बांधावर यावं लागतं. आमचे भाऊसाहेब, म्हणजे शाळेचे क्लार्क, ऑफिसच्या खिडकीत उभं राहून फोन लावतायत, तिकडून सर सहा आकडे वाचून दाखवतायत, तोवर ओटीपीची वेळ संपलेली, असं तीन दिवस चाललं. सरांचा यात काही दोष नव्हता, कधीकाळी कुणीतरी "एक मेल आयडी द्या" म्हणालं आणि त्यांनी स्वतःचा दिला, बहुतेक शाळांत असंच झालेलं असतं.

तेव्हापासून कॉम्प्युटरचे तास घेता घेता शाळेचा मेल आणि ग्रुप मी सांभाळतो, आणि नवीन कुणी विचारलं की पहिली गोष्ट हीच सांगतो की पत्ता खुर्चीचा असला पाहिजे, माणूस बदलला तरी तोच राहिला पाहिजे. बाकीची बरीचशी कामं यातूनच निघतात.

सुरुवात डोमेनपासून करा, म्हणजे मेलच्या पत्त्यात @ च्या पुढे येणाऱ्या नावापासून. शाळेच्या नावाचं डोमेन नसेल तर घ्या, डॉट ईडीयू डॉट इन हवं असेल तर ते अर्नेट इंडिया या सरकारी संस्थेकडूनच मिळतं आणि शाळेची कागदपत्रं लागतात. डॉट इन किंवा डॉट ओआरजी घेतलं तरी चालतं, पण ज्याने वेबसाइट करून दिली त्याच्या नावावर डोमेन अजिबात ठेवू नका. आमचं तसंच होतं. त्या माणसाने धंदा बंद केला, रिन्यूअलचे मेल त्यालाच जात होते, एक दिवस डोमेन संपलं आणि त्याबरोबर सगळ्या शिक्षकांचे मेल बंद, आणि आम्ही दोन दिवस नेट खराब आहे असंच समजत होतो. आता रजिस्ट्रेशन संस्थेच्या नावावर आहे, जमलं तेव्हा एकदम पाच वर्षांचे पैसे भरलेत आणि संपायची तारीख ऑफिसच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहिलेली आहे.

शाळेच्या डोमेनवर मेल आणि ड्राइव्ह देणाऱ्या गुगल वर्कस्पेस फॉर एज्युकेशनची फंडामेंटल्स आवृत्ती पात्र शाळांना फुकट मिळते, सगळ्यांत मिळून 100 टीबी जागा, आपल्यासारख्या शाळेला भरपूर झाली. मायक्रोसॉफ्टचंही शाळांसाठी आहे पण मी गुगलच वापरतो म्हणून त्याचंच सांगतो.

खाती काढताना आधी पदांची काढा: मुख्याध्यापक, कार्यालय, परीक्षा, प्रवेश. पासवर्ड कागदावर लिहून चार जणांत वाटायचा नाही. मुख्याध्यापकांच्या मेलला जीमेलमधलं डेलिगेशन द्या, म्हणजे भाऊसाहेब स्वतःच्या लॉगिननेच तो मेल उघडून उत्तर देऊ शकतात आणि माणूस बदलला की ते काढून घेता येतं (आधी अॅडमिन कन्सोलमधून, म्हणजे सगळी खाती जिथून सांभाळतात त्या पानावरून, ही सोय चालू करावी लागते, नाहीतर सेटिंगमध्ये दिसतच नाही). कार्यालय आणि प्रवेश हे दोन पत्ते मी गुगल ग्रुप्समधला कोलॅबोरेटिव्ह इनबॉक्स करून ठेवलेत. पालकाचा मेल आला की तो कुणाकडे दिलाय आणि काम झालंय की नाही हे सगळ्यांना दिसतं, त्यामुळे एकाच पालकाला दोघांची दोन वेगळी उत्तरं जाणं थांबलं.

मुलांचे पत्ते नावावरून करू नका. एका इयत्तेत तीन आदित्य पाटील असतात, मग आदित्य1, आदित्य2 होतं आणि गृहपाठ भलत्याच आदित्यकडे जातो. रोल नंबरही नको, तो दरवर्षी बदलतो. जनरल रजिस्टर नंबर घ्या, जो दाखल्यावरही असतो. शाळेत असेपर्यंत तो बदलत नाही, आणि पत्त्यात नाव नसल्यामुळे बाहेरच्याला मूल कोण ते कळत नाही. सगळी खाती सीएसव्ही फाइलने, म्हणजे साध्या मजकुरातल्या यादीने, एकदम चढवता येतात, फक्त एक जपा, नावं मराठीत असतील आणि एक्सेलमध्ये साधं सीएसव्ही म्हणून सेव्ह केलं तर सगळ्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात, माझी चारशे नावं अशी गेली होती. गुगल शीटमध्ये यादी करून तिथून सीएसव्ही डाउनलोड केलं की अक्षरं नीट राहतात. पहिल्या लॉगिनला पासवर्ड बदलायला लावणारा कॉलम भरा आणि सगळ्यांना एकच पासवर्ड देऊ नका, पाचवीची मुलंसुद्धा तो अर्ध्या तासात ओळखतात आणि दुसऱ्याच्या खात्यातून चिठ्ठ्या पाठवायला लागतात.

मग ऑर्गनायझेशनल युनिट, म्हणजे सोप्या भाषेत कप्पे. शिक्षकांचा एक, ऑफिसचा एक, मुलांचे इयत्तेप्रमाणे. सेटिंग कप्प्यावर लागतं म्हणून ही वाटणी पहिल्याच दिवशी करा. शाळेच्या खात्यात गुगल सगळ्यांनाच 18 वर्षांखालचं धरतं, त्यामुळे शिक्षकांच्या कप्प्याला वयाच्या सेटिंगमध्ये मुद्दाम 18 च्या वरचं करावं लागतं, नाहीतर मॅडम वर्गात यूट्यूब लावायला जातात आणि हवं ते दिसत नाही, मग तक्रार नेटची येते. मुलांच्या कप्प्याला मेल फक्त शाळेच्या डोमेनमधूनच येईल आणि तिथेच जाईल असं बंधन घाला, बाहेरची लॉटरी, नोकरी, गेमच्या आमिषाची पत्रं तिथेच अडतात. गुगल क्लासरूमच्या सूचना येत नाहीत असं दिसलं तर त्या ज्या डोमेनवरून येतात ते परवानगीच्या यादीत घाला. लहान मुलांचं गुगल चॅट मी बंदच ठेवलंय. आठवीच्या पुढे चालू केलं तर हिस्टरी चालू ठेवा, कारण चिडवाचिडवीची तक्रार आली की "मी असं लिहिलंच नाही" हे ऐकायला मिळतं आणि त्रास झालेल्या मुलाला पुरावा लागतो.

ग्रुप मेल म्हणजे सर्वशिक्षक, इयत्तादहावी असे पत्ते. यात एकच सेटिंग बघा, पोस्ट कोण करू शकतं. सुरुवातीला मी ते बघितलं नव्हतं आणि नववीतल्या एका मुलीने "सर मला वही सापडत नाहीये" असं सगळ्या शाळेला पाठवलं, त्यावर सत्तर जणांनी रिप्लाय ऑल केलं, ती बिचारी दोन दिवस शाळेत आली नाही. तिची यात काय चूक, दार मी उघडं ठेवलं होतं. मुलांच्या ग्रुपवर फक्त वर्गशिक्षक आणि परीक्षा विभाग लिहू शकतील एवढंच ठेवा.

आता व्हॉट्सअॅप. मेल कितीही नीट लावला तरी पालक व्हॉट्सअॅपवरच आहेत, हे मान्य करून पुढे जायचं. वर्गशिक्षकांनी स्वतःच्या नंबरवरून ग्रुप काढू नयेत. शाळेचं एक सिम घ्या, साधा स्मार्टफोन घेऊन तो ऑफिसात ठेवा, रिचार्जची तारीख लिहून ठेवा आणि प्रत्येक ग्रुपला दोन अॅडमिन ठेवा, शाळेचा नंबर आणि वर्गशिक्षक. बाईंची बदली झाली की त्या ग्रुप सोडतील, ग्रुप जागेवर राहील. मग "फक्त अॅडमिन मेसेज पाठवू शकतात" हे चालू करा. हे चालू नव्हतं तेव्हा दहावीच्या बोर्डाच्या फॉर्मची शेवटची तारीख सकाळी टाकली आणि त्याखाली "ठीक आहे सर", "धन्यवाद मॅडम", हात जोडलेले, गुड मॉर्निंगची फुलं, कुणाच्या तरी नातवाचा वाढदिवस, संध्याकाळपर्यंत तारीख इतकी वर गेली की दोन पालकांनी ती बघितलीच नाही. शंका विचारायला पालकांना शाळेचा नंबर आणि वेळ द्या, आम्ही दुपारी साडेतीन ते पाच ठेवलीय, आणि त्या वेळेत खरंच उत्तर द्या, नाहीतर पालक चिडतात आणि ते बरोबरच असतं.

वर्गाच्या ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो, याचा त्रास आयांना होतो, अनोळखी फोन येतात आणि त्या कुणाला सांगतही नाहीत. 2022 मध्ये व्हॉट्सअॅपवर आलेल्या कम्युनिटीचा (अनेक ग्रुप एकत्र बांधायची सोय) घोषणांचा ग्रुप वापरला तर पालकांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, सर्वसाधारण सूचनांसाठी तोच बरा. ब्रॉडकास्ट यादी, म्हणजे एकच मेसेज प्रत्येकाला वेगळा पाठवायची सोय, 256 जणांची असते आणि ज्याने शाळेचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज जातो, म्हणून प्रवेशाच्या दिवशीच पालकांच्या फोनमध्ये नंबर सेव्ह करून घ्या, समोर उभं राहून. शिक्षक अॅडमिन व्हायला घाबरतात, कुणी काही वाईट टाकलं तर आपल्यावर केस होईल म्हणून. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये सांगितलंय की दुसऱ्या सदस्याच्या पोस्टसाठी अॅडमिनला सरसकट गुन्हेगार धरता येणार नाही, दोघांनी मिळून केलेला बेत असेल तर गोष्ट वेगळी. तरी तसं काही दिसलं तर अॅडमिन म्हणून लगेच सगळ्यांसाठी डिलीट करा, आधी स्क्रीनशॉट घेऊन मुख्याध्यापकांना दाखवा.

मेसेज लिहिण्याबद्दल एक नियम मी सगळ्या शिक्षकांना हात जोडून सांगतो. "उद्या" हा शब्द लिहायचा नाही. जुलैत पावसामुळे जिल्हाधिकाऱ्यांनी सुट्टी दिली, रात्री साडेनऊला आमच्याकडून "उद्या शाळेला सुट्टी आहे" एवढंच गेलं. सुट्टी झाली, आणि त्या रात्री कुठल्यातरी पालकाने तोच मेसेज दुसऱ्या ग्रुपवर पुढे ढकलला. सकाळी मी सहावीच्या वर्गात हजेरीला गेलो तर बेचाळीसपैकी सतरा मुलं, बाकीच्यांच्या घरी "उद्या"चा अर्थ आज झाला होता. आता मेसेज असा असतो, "मंगळवार दि. 15 जुलै रोजी शाळेला सुट्टी. बुधवार दि. 16 जुलै रोजी शाळा नेहमीच्या वेळेत." वार, तारीख, पुन्हा कधी सुरू, खाली शाळेचं नाव आणि पाठवल्याची वेळ.

नोटिशीचा फोटो पाठवून थांबू नका, फोटोतलं नीट शोधता येत नाही आणि कमी दिसणाऱ्या आजोबांना वाचताही येत नाही, मजकूर टाइप करा आणि हवा तर फोटो जोडा. ऑफिसातली जुनी पत्रं श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये असतात, ती मेलमध्ये चिकटवली की समोर निव्वळ इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. युनिकोडमध्येच टाइप करा, भाऊसाहेबांना सवय व्हायला महिनाभर लागला पण आता तेच दुसऱ्यांना शिकवतात.

याद्यांबद्दल मला सगळ्यात जास्त वाटतं. आधार नंबर, जात, बँक खातं असलेली एक्सेल शीट "आपापल्या पाल्याची माहिती तपासा" म्हणून पालकांच्या ग्रुपवर टाकली जाते, हे मी डोळ्यांनी बघितलंय. कृपा करून हे करू नका. कुणाच्या मुलाला कुठली सवलत मिळते हे अख्ख्या वर्गाला कळतं आणि ते मूल मधल्या सुट्टीत ऐकतं. प्रत्येकाला त्याची एकट्याची ओळ पाठवा, वेळ लागतो, लागू दे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 चा आहे, त्यात 18 वर्षांखालचं प्रत्येक जण मूल धरलंय आणि पालकांची पडताळता येईल अशी संमती अपेक्षित आहे, म्हणून प्रवेश अर्जातच मेल खातं, ग्रुप आणि फोटो यांच्या संमतीचे वेगवेगळे रकाने ठेवा.

सुपर अॅडमिन, म्हणजे सगळे अधिकार असलेली खाती, दोन ठेवा, तीन चालतील, एक कधीच नको. रोजच्या मेलसाठी ते खातं वापरायचं नाही. दोघांनाही टू स्टेप व्हेरिफिकेशन, आणि बॅकअप कोड छापून बंद पाकिटात, पाकिटावर सही, आणि ते मुख्याध्यापकांच्या कपाटात चेकबुकाशेजारी. अॅडमिन आजारी पडला किंवा सोडून गेला तर हे पाकीटच शाळा उघडतं. तेही नसेल तर डोमेन आपलंच आहे हे त्याच्या सेटिंगमध्ये नोंद करून सिद्ध करावं लागतं, आणि तेव्हा डोमेन कुणाच्या नावावर आहे याला किंमत येते. मुख्याध्यापकांच्या नावाने "मीटिंगमध्ये आहे, तातडीने पैसे पाठवा" असा मेल आला तर पत्ता बघा आणि फोन करा, पैसे गेलेच तर वेळ न घालवता 1930 ला फोन.

"मेल आलाच नाही" म्हणून कुणी आलं तर वाद घालत बसू नका, अॅडमिन कन्सोलमध्ये ईमेल लॉग सर्च आहे, तिथे कुठला मेल कधी पोचला ते दिसतं, निम्म्या वेळा तो स्पॅममध्ये असतो. शाळेचेच मेल पालकांच्या स्पॅममध्ये जात असतील तर डोमेनमध्ये एसपीएफ आणि डीकेआयएमच्या नोंदी (मेल खरंच आपल्याच डोमेनचा आहे हे समोरच्याला पटवणाऱ्या) केल्यात का बघा, एकदाच अर्धा तास बसायचं काम आहे.

शिक्षक सोडून गेले की खातं लगेच डिलीट करू नका. आधी सस्पेंड, मग त्यांच्या ड्राइव्हमधल्या प्रश्नपत्रिका आणि निकालपत्रकं पदाच्या खात्याकडे ट्रान्सफर, आणि मगच डिलीट. चुकून केलंच तर 20 दिवसांत परत आणता येतं. दहावीच्या मुलांचं मात्र मी वेगळं ठेवतो, निकाल लागला म्हणून जूनमध्ये खाती बंद करत नाही, कारण अकरावीच्या आणि शिष्यवृत्तीच्या अर्जात कितीतरी मुलांनी शाळेचाच मेल दिलेला असतो. ज्या कप्प्यात ती खाती आहेत त्याचं बाहेरच्या मेलचं बंधन मी मार्चमध्ये काढतो, जुलैमध्ये एक तास सगळ्यांना लॅबमध्ये बोलावतो, गुगलच्या ट्रान्सफरच्या सोयीने त्यांचे मेल आणि फाइली त्यांच्या स्वतःच्या जीमेलवर कशा न्यायच्या ते दाखवतो, आणि खाती बंद व्हायची 30 सप्टेंबर ही तारीख फळ्यावर लिहितो. गेल्या वर्षी एक मुलगा 29 तारखेला संध्याकाळी आयटीआयचा शर्ट घालूनच आला, लॅबचं कुलूप मी पुन्हा उघडलं, सातवीत त्याने केलेल्या पाणी मोजायच्या प्रकल्पाचे फोटो त्याला हवे होते.