चार जागा, नावांची भाऊगर्दी: महापालिकेला मत देताना या चुका टाळा

21 फेब्रुवारी 2017. पुणे महापालिकेचं मतदान. आमच्या प्रभागात 'अ' ते 'ड' अशा चार जागा, प्रत्येक जागेला एक मत. मशीनसमोर उभा राहिलो तेव्हा लक्षात आलं, की आपण घरून फक्त एका माणसाचा विचार करून निघालोय. 'अ' जागेवरचा उमेदवार ओळखीचा होता, त्याचं काम पाहिलेलं होतं. 'ब', 'क' आणि 'ड' वर कोण उभं आहे, याचा पत्ता नाही. मागे रांग खोळंबलेली. शेवटी त्याच्याच चिन्हाची आणखी तीन बटणं दाबली आणि बाहेर आलो. त्यातले दोघं निवडूनही आले. पुढच्या पाच वर्षांत ते आमच्या गल्लीत एकदाही दिसले नाहीत, आणि तक्रार करायला मला तोंड नव्हतं.

त्यानंतरची निवडणूक 2022 मध्ये व्हायची, ती झाली 15 जानेवारी 2026 ला. या वेळी पुण्यात 41 प्रभाग आणि 165 नगरसेवक. एक प्रभाग पाच जणांचा, बाकी सगळे चार जणांचे. मधल्या काळात मी आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनी केलेल्या चुका इथे मांडतोय.

चौघांना एकच मत समजणं

सगळ्यांत मोठी आणि सगळ्यांत जास्त लोक करतात ती चूक. पक्ष 'पॅनेल' म्हणून प्रचार करतात, पत्रकावर चार चेहरे एका ओळीत छापतात, 'चारही बटणं दाबा' असं बजावतात. पण कायद्याच्या नजरेत या चार वेगळ्या निवडणुका आहेत. प्रत्येक जागेचं आरक्षण वेगळं, उमेदवार वेगळे, निकाल वेगळा. 'अ' ला एका पक्षाचा, 'ब' ला दुसऱ्याचा, 'क' ला अपक्ष आणि 'ड' ला 'नोटा' (यांपैकी कोणीही नाही), असं मत दिलंत तरी ते पूर्ण वैध आहे. पॅनेलमध्ये बहुधा एक दमदार चेहरा असतो आणि उरलेले त्याच्या पुण्याईवर तरून जायला बसलेले असतात. त्यांना वेगळं काढून बघा.

यातच एक उपचूक: महिला राखीव जागेवरची उमेदवार म्हणजे नवऱ्याचीच सही, असं गृहीत धरणं. निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. फ्लेक्सवर सौभाग्यवतींपेक्षा साहेबांचा फोटो मोठा, हा प्रकार आपण सगळ्यांनी पाहिलाय. पण राखीव जागेतून आलेल्या आणि ड्रेनेज लाइनचा नकाशा तोंडपाठ असलेल्या बायकाही मी पाहिल्यात. पदयात्रा दारात आली की प्रश्न थेट ताईंना विचारा, 'आपल्याकडे पाणी कोणत्या टाकीवरून येतं?' उत्तर त्या देतात की शेजारचा दादा, एवढं बघितलं तरी पुरे.

बाक आणि पिशव्या मोजणं

पुण्यात नगरसेवकाचं काम म्हणजे काय, तर सोसायटीत नाव रंगवलेला बाक, कापडी पिशवी आणि कचऱ्याची बकेट! 'यांच्या विकास निधीतून' असं त्यावर ठळक लिहिलेलं असतं. तो निधी म्हणजे अंदाजपत्रकातली 'स' यादी, अर्थात तुमच्या-आमच्या मिळकतकराचा पैसा. बाक वाईट नाही, म्हाताऱ्या माणसांना टेकायला बरा असतो. पण फूटपाथच उखडलेला असेल तर त्या बाकापर्यंत पोहोचायचं कसं?

नगरसेवकाचं खरं वजन मुख्य सभेत, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभेत, आणि समित्यांमध्ये कळतं. स्थायी समितीत 16 जण बसतात आणि मोठ्या खर्चाचे प्रस्ताव तिथून जातात. माजी नगरसेवक उभा असेल तर त्याला विचारा: कोणत्या समितीवर होतात? मुख्य सभेत लेखी प्रश्न किती दिले? 'स' यादीतले पैसे कशावर घातले? मुंबईत हे काम थोडं सोपं आहे, तिथे प्रजा फाउंडेशन नगरसेवकांची प्रगतिपुस्तकं काढत आलंय. इतर शहरांत नगरसचिव कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाकावा लागतो आणि उत्तराला 30 दिवसांची मुदत असते. या वेळी उमेदवारी अर्ज माघारीची तारीख 2 जानेवारी आणि मतदान 15 ला, म्हणजे दोन आठवडेही हाती नव्हते. प्रचार सुरू झाल्यावर अर्ज करणारा माणूस निकालानंतर उत्तर वाचतो. (हे मी केलंय.)

श्रेयावरची तारीख न बघणं

मार्च 2022 पासून निवडणूक होईपर्यंत पुण्यात एकही नगरसेवक नव्हता. आयुक्तच प्रशासक होते आणि मुख्य सभा व स्थायी समिती या दोन्हींचे अधिकार त्यांच्याकडेच होते. तरी 2023-24 मधल्या रस्त्यांवर 'माझ्या प्रयत्नातून' असे फ्लेक्स झळकले. पाठपुरावा केला असेल, नाही असं नाही. पण तो प्रस्ताव त्यांच्या मताने मंजूर झालेला नाही. पत्रकावरच्या प्रत्येक कामासमोर साल विचारा. शिवाय प्रभागांच्या सीमा 2025 मध्ये नव्याने आखल्या गेल्या, म्हणून ते काम तुमच्याच प्रभागातलं आहे का, हेही विचारा.

प्रतिज्ञापत्रातले गुन्हे नुसते मोजणं

अर्जासोबत दिलेलं प्रतिज्ञापत्र लोक उघडतात, 'गुन्हे: 4' वाचतात आणि बंद करतात. कलम वाचा. जुन्या भारतीय दंड संहितेतलं कलम 188 बहुतेकदा जमावबंदी मोडून केलेल्या आंदोलनाचं असतं. पाण्यासाठी मोर्चा काढणाऱ्याच्या नावावर अशी दोन-तीन असणारच. 384 म्हणजे खंडणी, 420 म्हणजे फसवणूक. 1 जुलै 2024 नंतरचे गुन्हे भारतीय न्याय संहितेखाली नोंदले जातात, तिथे क्रमांक बदललेत: 188 चं 223, 384 चं 308, 420 चं 318. ही सगळी एकाच तराजूत घालू नका. उलट बाजूही आहे. गुन्ह्यांचा रकाना कोरा असलेला माणूस आपोआप चांगला ठरत नाही.

मी स्वतः आधी व्यवसायाचा रकाना वाचतो. 'शेती व व्यवसाय' असं मोघम लिहिलं असेल तर मालमत्तेच्या पानावर कंपन्यांची आणि भागीदारीची नावं बघतो. महापालिकेच्या कंत्राटात स्वतःचा हिस्सा असणं ही कायद्याने अपात्रता आहे. स्वतः, जोडीदाराने किंवा अवलंबितांनी अनधिकृत बांधकाम केलं असेल तर नगरसेवकपद जाऊ शकतं. पार्किंगच्या जागेत गाळे काढणारा उमेदवार तुमच्या चौकातलं अतिक्रमण हटवेल का, हे तुम्हीच ठरवा.

महापालिकेच्या हातात नसलेल्या गोष्टींवर भाळणं

वीज महावितरणकडे, वाहतूक पोलीस गृह खात्याकडे, मेट्रो महामेट्रोकडे, आणि महामेट्रो ही केंद्र व राज्याची कंपनी. तरीही जानेवारी 2026 च्या प्रचारात मोफत मेट्रोचं आश्वासन ऐकलं. मिळकतकरातली 40 टक्के सवलतही 2023 मध्ये परत मिळाली ती राज्य सरकारच्या निर्णयाने. पाणी, कचरा, ड्रेनेज, रस्ते, दवाखाने, पालिकेच्या शाळा, यांवर कोण काय बोलतंय तेवढं ऐका.

ऐन दिवशीच्या अडचणी

प्रभाग बदलल्यामुळे केंद्रही बदललेलं असू शकतं, त्यामुळे मतदार यादीत नाव आधीच शोधून ठेवा. 'दुबार' (यादीत दोनदा आलेलं नाव) म्हणून नावापुढे खूण पडली असेल तर तेही आधीच कळायला हवं. चारही जागांवरची नावं आणि त्यांचे अनुक्रमांक कागदावर लिहून न्या. एका जागेवर एकही पसंत नसेल तर तिथे नोटा आहे. राज्य निवडणूक आयोगाच्या 2018 च्या आदेशाप्रमाणे नोटाला सर्वाधिक मतं पडली तर त्या जागेची निवडणूक पुन्हा घ्यायची असते.

आणि चारही जागांचं मत झाल्याशिवाय लांब बीप वाजत नाही. आमच्या शेजारच्या काकू तीन बटणं दाबून पिशवी सावरत निघाल्या होत्या. टेबलावरचा अधिकारी मागून ओरडला, "ओ काकू, अजून एक राहिलंय!" काकू वळल्या, चश्मा लावला आणि शांतपणे म्हणाल्या, "त्या चौथ्यातला एकही मला धड वाटत नाही हो." "मग शेवटचं बटण बघा ना," तो म्हणाला. काकूंनी ते शोधलं. बीप वाजली.